बदल क्रमांक चार

ताई,

काल तुझ्या जुन्या ऑफिसातल्या मंडळींनी अंबडला तुझी शोकसभा ठेवली होती, कंपनीच्या कँटीनवरच्या हॉलमध्ये. तू असतीस तर कामाच्या वेळात एवढी माणसं जागेवरून उठवली म्हणून आधी ती सभा ठेवणाऱ्या जाधवांना फैलावर घेतलं असतंस. तिथे मी माइक हातात घेऊन एक गोष्ट बोललो. ती खरं तर तुला सांगायची होती. दोन वर्षं तुझ्यासमोर बसून, तुझ्या हातचा आल्याचा चहा पिऊन ती मी सांगितली नाही आणि तू गेल्यावर साठ-सत्तर परक्या माणसांना सांगितली. म्हणून हे लिहितोय.

हॉलच्या भिंतीवर त्यांनी तुझं एकच ड्रॉइंग लावलं होतं. साखर कारखाने, दूध डेअऱ्या, औषधांच्या कंपन्या, कुठे कुठे पस्तीस वर्षं तू कागदावर पाइप नेलेस, पण त्यातलं एकही नाही. लावलं होतं ते माझ्या हॉलमधल्या माशांच्या टाकीचं. त्याच्या उजव्या कोपऱ्यात बदलांचा तक्ता आहे आणि त्यात बदल क्रमांक चारसमोर तुझ्या टपोऱ्या अक्षरात लिहिलंय: ‘गनमेटलचा व्हॉल्व्ह काढून पीव्हीसीचा बसवला. टाकीतले जीव माझ्या निवडीमुळे गेले. चूक माझी.’ खाली तुझी सही. तू गेल्यावर जाधव भेटायला घरी आले होते, तेव्हा टाकीखालच्या कपाटाच्या दारावर त्यांनी तो कागद पाहिला आणि मागून नेला. नव्या इंजिनियरांना ती ओळ दाखवायची होती त्यांना. घरच्या टाकीसाठीसुद्धा मॅडम चूक सहीनिशी लिहायच्या म्हणून.

त्या ओळीतलं मधलं वाक्य खरं नाही, ताई. ते जीव तुझ्यामुळे गेले नाहीत. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

पण आधी टाकीबद्दल बोलू दे. वाईटाकडे जाण्याआधी थोडं चांगलं आठवायचा हक्क मेडिकलवाल्यालाही असतो.

खाऱ्या पाण्याची टाकी हे माझंच खूळ. नाशिकरोडला दुकानात बसून आयुष्यभर खोकल्याची बाटली आणि बीपीची गोळी दिली, साठीत तरी घरात थोडा समुद्र असावा असं वाटलं. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच काच. मासेवाला म्हणाला, मागे एक फिल्टर लटकवा, दगड टाका, मीठ टाका, झालं. मी तुला उत्साहाने फोन केला. तू सगळं ऐकून घेतलंस आणि विचारलंस, “लाइट गेली की पाणी कुठे जातं?”

मी तोच प्रश्न मासेवाल्याला विचारला. त्यालाही ते ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू सिडकोहून सिटी बसने टेप, पेन्सिल आणि पोहे घेऊन हजर. पोहे सुलभासाठी, कारण तुझ्या मते माझ्या बायकोला माझ्या खुळांपायी वेळेवर खायला मिळत नव्हतं.

वीस वर्षं कॉम्प्युटरवर काम केलेली तू, पण हे ड्रॉइंग हाताने काढलंस. टाकीला ‘टी-१’, खालच्या टाकीला ‘टी-२’, पंपाला ‘पी-१’. मी हसलो, तर म्हणालीस की नाव नसलेली वस्तू बिघडली की फोनवर समजावता येत नाही. वरच्या टाकीतलं पाणी काठावरच्या एका दातेरी फणीवरून ओसंडून कोपऱ्यातल्या खणात पडणार, तिथून पाइपने खाली उतरणार. खालच्या टाकीचे चार कप्पे. पहिल्यात कापडी पिशवी गाळ धरणार, दुसऱ्यात यंत्र फेस काढणार आणि फेसाबरोबर घाण बाहेर पडणार, तिसऱ्यात दिव्याखाली शेवाळ वाढून उरलंसुरलं खाऊन टाकणार आणि चौथ्यातून पंप पाणी पुन्हा वर पाठवणार. मी या रस्त्यांकडे बघत बसायचो. मला माशांची हौस होती. तुझी टाकी बघता बघता मला पाइपची हौस लागली.

आपले वाद आठवतात तुला? पंप बंद पडला की वर चढलेलं पाणी उलटं खाली येतं, म्हणून मला परतीच्या पाइपवर पाणी मागे न येऊ देणारा व्हॉल्व्ह हवा होता. तू तो छापील किमतीवर पन्नास टक्के सूट दिली तरी घेणार नाही म्हणालीस. “जे हलतं ते एक दिवस अडतं,” हे तुझं ब्रह्मवाक्य. त्याऐवजी पाण्याच्या पातळीच्या जरा खाली पाइपला एक बारीक भोक पाडलंस. पाणी तिथवर उतरलं की हवा शिरते आणि ओढ तुटते. भोक हलत नाही, त्यामुळे अडत नाही. मी म्हटलं, भोक बुजतं. तर दर रविवारी ते टाचणीने साफ करायचं काम माझ्या गळ्यात मारलंस.

दुसरा वाद तिसऱ्या पाइपचा. खाली उतरायला तू तीन पाइप दिलेस. पहिला कायम भरलेला, दुसऱ्यातून चुकार धार आणि तिसरा ठणठणीत कोरडा. त्याचं तोंड इतकं उंच की त्यात पाणी जाणारच नाही. मी त्याला पेन्शनर म्हणायचो, बसून खाणारा. मग एका दुपारी मी दुकानात असताना एक गोगलगाय पहिल्या पाइपात जाऊन बसली. घरात सुलभा एकटी. पाणी चढलं, पेन्शनरच्या तोंडाशी पोचलं आणि त्यातून असा खळखळाट सुरू झाला की तिने पोळ्या टाकून धाव घेतली. फरशीवर थेंब नाही. सुलभाने फोन केला तो मला नाही, तुला. त्या पाइपात मुद्दामच आवाज ठेवला होतास, हे मला तेव्हा कळलं. त्यानंतर मी त्याला पेन्शनर म्हणणं सोडलं. तू मात्र माझी खोड काढायची झाली की तेच म्हणायचीस, पेन्शनर काय म्हणतोय.

जोडण्याही तशाच. पंपाच्या दोन्ही बाजूंना सुटणारे जोड, दोन्हीकडे कॉक, म्हणजे साडेसहाशे लिटर पाणी न काढता पंप दहा मिनिटांत बाहेर. जोडताना सगळेच हुशार असतात, उघडताना कळतं, असं म्हणत होतीस. मासे आणायच्या आधी महिनाभर साध्या पाण्यावर टाकी चालवलीस. रोज येऊन मेन स्विच पाडायचीस, खालच्या टाकीत पाणी कुठवर चढतं ते खडूने आखायचीस, पुन्हा चालू करायचीस. चोवीस वेळा पाडलास. शेजारच्या काकू सुलभाला विचारून गेल्या, तुमच्याकडे लाइटचा काही प्रॉब्लेम आहे का.

आता त्या व्हॉल्व्हकडे येतो.

पहिला पाइप आवाज न करता वाहायचा तर त्यातलं पाणी केसाएवढं कमी-जास्त करता यायला हवं. बाजारातले प्लास्टिकचे कॉक एकदम उघडतात, एकदम मिटतात. तू अंबडच्या ओळखीच्या दुकानातून चक्री फिरवायचा गनमेटलचा, म्हणजे तांब्यात कथील मिसळलेल्या धातूचा, व्हॉल्व्ह आणलास. हातात तोलून दाखवलास मला, सोन्याचा दागिना दाखवावा तसा. जहाजांवर समुद्राच्या पाण्याला हाच लावतात, म्हणालीस. ते खरंच होतं. चक्री पाव फेरा फिरवलीस आणि घरात पाण्याचा आवाज बंद झाला. सुलभा स्वयंपाकघरातून बघायला आली, टाकी बंद पडली की काय म्हणून.

मग मासे आले. इगतपुरीच्या धुक्यातून गाडीने, थर्माकोलच्या खोक्यांत. नारिंगी पट्ट्यांच्या जोकर माशांची जोडी, एक निळा मासा, चार कोळंब्या (या खायच्या नाहीत हे तू प्रत्येक पाहुण्याला बजावायचीस), गोगलगायी आणि ते समुद्रफूल. फुलासारखं दिसणारा तो प्राणी, ज्याच्या लवलवत्या बोटांत जोकर जोडी झोपायची. आठ महिने सगळं दृष्ट लागण्यासारखं होतं. तू रविवारी यायचीस, खुर्ची टाकीपुढे घ्यायचीस आणि माशांऐवजी फणीवरून पडणाऱ्या पाण्याकडे बघायचीस.

नंतर तू लेकीकडे, ऋताकडे, पुण्याला पंधरा दिवस गेलीस आणि निळ्या माशाच्या अंगावर पांढरे ठिपके आले. मीठ सांडल्यासारखे. तुला फोन केला. तू म्हणालीस, त्याला वेगळ्या टबात घे, औषध तिथेच दे, मुख्य टाकीत काहीही टाकू नकोस, इथे टाकलेलं सगळीकडे फिरतं. मी दोन तास जाळी घेऊन त्याच्या मागे लागलो. तो दगडांच्या फटीत, मी स्टुलावर. हाती लागला नाही. दुसऱ्या दिवशी ठिपके वाढले, तो तळाशी आडवा पडून धापा टाकायला लागला.

मेडिकलवाल्याला आजारी जीव बघवत नाही, ताई. त्याच्या हाताला सवय असते, मागे वळायचं, फडताळातून काहीतरी काढून द्यायचं. दुकानात दिवसभर मी लोकांना सांगतो, डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मासेवाल्याकडून बाटली आणली. लेबल वाचलं. तांब्याचं औषध आहे हे मला कळलं, कोळंबीसारख्या जिवांना चालत नाही हेही बारीक अक्षरात होतं. मी मनाशी म्हटलं, अर्धा डोस देऊ. अर्ध्या डोसाने कोणी मरत नाही, असं मी गिऱ्हाइकांना कधीच सांगितलं नसतं. निळा मासा वाचला. तो आजही आहे. कोळंब्या दोन दिवसांत गेल्या, मग गोगलगायी आणि समुद्रफूल मिटत मिटत चिंधीसारखं झालं.

तू पुण्याहून थेट माझ्याकडे आलीस, हातात बॅग तशीच. पाण्याची तपासणी केलीस, तांबं निघालं. मग दारावरच्या ड्रॉइंगसमोर जमिनीवर बसलीस आणि पेन्सिलीने एकेक वस्तू पार करत आलीस. काच, पीव्हीसी, रबर, काच. पेन्सिल व्हॉल्व्हवर थांबली. तो तू तिथल्या तिथे सोडवलास. आतून लखलखीत होता. आट्यांवर कुठे हिरवं नाही, कुठे झीज नाही. तू तो खिडकीपाशी नेऊन बराच वेळ बघितलास आणि मला विचारलंस, “पाण्यात काही टाकलं होतंस का?”

मी म्हटलं, “नाही.”

एवढंच, ताई. तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस. माझ्या तोंडाकडेही बघितलं नाहीस, कारण बघायची गरज तुला वाटली नाही. मग व्हॉल्व्हच, म्हणालीस. आणि पुढे असं काही बोललीस की मी ते जन्मभर विसरणार नाही. पाणी व्हॉल्व्हचं काय करतं हे मी आयुष्यभर बघितलं, व्हॉल्व्ह पाण्याचं काय करतो हे कधी बघितलंच नाही, असं म्हणालीस. सत्तरीला टेकलेली बाई, आपल्या विद्येत कुठे भोक राहिलं ते शोधून काढते आणि शांतपणे सांगते. त्या क्षणी मला तुझ्या पाया पडावंसं वाटलं आणि मी तिथे उभा राहिलो, बाटली दुकानाच्या खणात ठेवून आलेला.

का बोललो नाही? भीती होतीच. पण खरं सांगायचं तर त्याहून वाईट काहीतरी होतं. लहानपणापासून सगळ्या घरात चुकायचो तो मी. गणितात मी, सायकलवर मी, धंद्यात सुरुवातीला मीच. तू कधी चुकलेली मला आठवत नाही. त्या दिवशी तू चुकलीस असं ठरलं, तेव्हा मला आतून कुठेतरी बरं वाटलं. दोन मिनिटंच, पण वाटलं. मग तू पेन घेऊन ‘चूक माझी’ लिहिलंस आणि बरं वाटणं संपलं, पण तोवर तोंडाला कुलूप बसलं होतं.

त्यानंतर तीन आठवडे तू रोज आलीस. दगडांत मुरलेलं तांबं निघत राहतं म्हणून पाणी बदलायचं, मीठ कालवायचं, बादल्या उचलायच्या. मी उचलतो म्हटलं तर म्हणायचीस, निस्तरायचं ज्याने केलं त्याने. मी तुझ्या मागून बादली घेऊन चालायचो. समुद्रफूल गेल्यावर जोकर जोडी परतीच्या पाइपच्या तोंडाशी अंग घासत राहायची. ते बघून तू डोळे पुसलेस. तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

आणि तुझं ते गणित. ते तुला सोडेना. आठ महिने काही नाही आणि दोन दिवसांत सगळं कसं गेलं? एवढ्याशा व्हॉल्व्हमधून एवढं तांबं उतरेल कसं? तू कागदावर मांडायचीस, आकडा जुळायचा नाही, कागद घडी करून पर्समध्ये. दिवाळीला आलीस तेव्हा फराळाच्या ताटाशेजारी तो कागद. शेवटी दवाखान्यात, नाकात नळी असताना, मी तुझे पाय दाबत बसलो होतो. आज सांगतोच असं ठरवून आलो होतो. तू डोळे उघडलेस आणि म्हणालीस, “तो आकडा काही पटत नाही रे.” मी म्हटलं, विश्रांती घे. तुला उत्तर द्यायला एक वाक्य पुरलं असतं. तुझ्या आयुष्यातलं शेवटचं न सुटलेलं गणित मी खिशात घालून बसलो होतो.

तर कालची गोष्ट. जाधवांनी ओळ वाचून दाखवली, टाळ्या झाल्या, मग भाऊ म्हणून मला बोलावलं. मी तयारी करून गेलो होतो दोन शब्दांची. ते बाजूला राहिले. मी सांगितलं की टाकीत तांब्याचं औषध मी ओतलं, ताईने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो, आणि तिने स्वतःच्या गणितापेक्षा माझा शब्द मोठा धरला. गनमेटल तिथे नको होतं हे तिचं म्हणणं बरोबरच आहे, पण मारणारा मी.

ऋता पहिल्या रांगेत होती, तिने मान खाली घातली. मग जाधव उठले. पन्नाशीचा माणूस, तुझ्या हाताखाली पेन्सिल धरायला शिकलेला. त्यांनी चष्मा काढला.

“मॅडमनी या आकड्यासाठी मला तीनदा फोन केला होता,” ते म्हणाले. “मी म्हटलं, मॅडम, आता वय झालं, कुठेतरी चुकत असाल. त्या म्हणाल्या, असेल बाबा.”

एवढं बोलून ते खाली बसले. सभा तिथेच संपली. निघताना ते जवळ आले, भिंतीवरून ड्रॉइंग उतरवून टेबलावर पसरलं आणि खिशातलं पेन माझ्या हातात दिलं. मॅडमची ओळ खोडायची नाही, म्हणाले, तिच्याखाली तुमची लिहा. मी लिहिली. अक्षर तुझ्यासारखं आलं नाही.

परतताना रिक्षात ऋता माझ्याशेजारी बसली होती. मला वाटलं, आता ही माझ्याशी बोलणार नाही, आणि बरोबरच आहे. पाथर्डी फाटा मागे पडल्यावर ती म्हणाली, “मामा, आईला सांगितलं असतंस तर ती दोन महिने तुझ्याशी बोलली नसती.”

मी म्हटलं, हो.

“मामीच्या हातचं खाल्लंही नसतं, तुझ्यावरचा राग तिच्यावर काढला असता. बाबांना म्हणाली असती, माझ्या भावाचं नाव काढू नका या घरात. आणि मग एका रविवारी काही न बोलता पोहे घेऊन आली असती.”

हो, ताई. अगदी तसंच झालं असतं. दोन वर्षं मी त्या दोन महिन्यांना भ्यालो. ते येऊ नयेत म्हणून तुला खोटं पाडलं. आज तू असतीस, रागावलेली असतीस, फोन उचलत नसतीस, तर मी रोज लावला असता.